वाद्याचा दोष, बालकाच्या माथी

माझ्या नातीने नवव्या वाढदिवसाला युकुलेले मागितले आणि ते तिला मिळाले. दीड हजार रुपयांच्या आत, पिशवी आणि जादा तारांच्या एका संचासह. पहिले चार दिवस घरात दुसरा विषय नव्हता. पाचव्या दिवशी ते कपाटावर गेले, आणि आठवड्याने मी कारण विचारले तेव्हा तिने जे उत्तर दिले त्यामुळेच हा लेख लिहिणे मला कर्तव्य वाटते. ती म्हणाली, "आजोबा, मला नाही जमत ते. मोबाइलवर चारही तारांना हिरवा दिवा लागतो, तरी बोट ठेवलं की वाईट वाजतं. माझंच काहीतरी चुकतंय."

तिचे काहीही चुकत नव्हते. ज्या घरात चाळीस वर्षे तंबोरा जुळवला जातो त्या घरातील माणसाला ही गोष्ट पहिल्याच दिवशी कळावयास हवी होती, ती आठ दिवसांनी, तिने सांगितल्यावर कळली, याची खंत मला आहे. मी ते वाद्य मांडीवर घेतले आणि मोकळ्या तारा पेटीशी ताडून पाहिल्या. त्या बिनचूक होत्या. मग दुसरी तार पहिल्या पडद्यावर दाबली. ती तार गांधाराची. पहिल्या पडद्यावर तिच्यातून शुद्ध मध्यम निघावयास हवा. मध्यम निघाला, पण इतका चढा की मोबाइलवरील सूर जुळवण्याच्या यंत्राची सुई मध्यरेषा ओलांडून उजवीकडे जवळजवळ तीस सेंट सरकली. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर त्यांतील एका भागाला सेंट म्हणतात. म्हणजे जो स्वर त्या मुलीने पुस्तकात सांगितल्याप्रमाणे, सांगितलेल्या जागी, सांगितलेल्या बोटाने काढला, तो अर्धस्वराच्या तिसऱ्या हिश्श्याइतका कणसूर होता, आणि तो तसा असण्यात तिचा काडीइतकाही दोष नव्हता.

युकुलेले ज्यांनी जवळून पाहिले नसेल त्यांच्यासाठी त्याची रचना थोडक्यात सांगतो. त्याच्या चार तारा पेटीच्या भाषेत पांढरी पाच, पांढरी एक, पांढरी तीन आणि पांढरी सहा या स्वरांत लावतात. पांढरी एक हा षड्ज मानला तर हनुवटीच्या बाजूची चौथी तार पंचमाची, तिसरी षड्जाची, दुसरी गांधाराची आणि पहिली धैवताची. चौथी तार क्रमाने सर्वांत खर्जाची असावी असे कोणासही वाटेल, पण ती शेजारच्या षड्जाहून चढी असते, आणि या वाद्याच्या खेळकर नादाचे निम्मे रहस्य त्या उलट्या क्रमात आहे. तंबोऱ्यावर वाढलेल्या कानाला यातला गांधारही किंचित चढा वाटेल. तो खरोखरीच आपल्या स्वयंभू गांधारापेक्षा सुमारे चौदा सेंटांनी चढा असतो, कारण या वाद्याचे पडदे समान अंतरांच्या पाश्चात्त्य सप्तकाला अनुसरून ठोकलेले असतात. तो त्या पद्धतीचा स्वभाव आहे, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. माझी तक्रार त्यानंतरच्या तीस सेंटांबद्दल आहे.

मानेच्या शेंड्याला, खुंट्यांच्या अलीकडे, एक पांढरी आडवी पट्टी असते. सतारीत तिला आपण अटी म्हणतो, गिटारवाले नट म्हणतात. तिच्यात चार खाचा असतात आणि त्या खाचांतून तारा पुढे येतात. खाच पुरेशी खोल नसेल तर तार पडद्यापासून उंच राहते. उंच तार पडद्यापर्यंत दाबताना ती ताणली जाते. आणि ताण वाढला की स्वर चढतो, हे तंबोऱ्याची खुंटी एकदा पिळून पाहिलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हा दोष गिटारातही असतो, परंतु गिटाराची तार सुमारे पासष्ट सेंटिमीटरांची, आणि लहान युकुलेलेची जेमतेम चौतीस-पस्तीस. गिटारात पहिला पडदा या पट्टीपासून साडेतीन सेंटिमीटरांहून दूर, येथे तो दोन सेंटिमीटरांवर. तार जितकी आखूड आणि दाबण्याची जागा पट्टीला जितकी जवळ, तितका तोच अर्धा मिलिमीटर अधिक घातक ठरतो. आणि नवशिक्याला शिकवले जाणारे पहिले स्वरमेळ नेमके याच पहिल्या-दुसऱ्या पडद्यांवर बसतात. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले, ते सरकवून स्वर दुरुस्त करता येतो. युकुलेलेचे पडदे लाकडात कायमचे ठोकलेले. खुंटी पिळून ही चूक निघत नाही, कारण चूक मोकळ्या तारेत नाहीच. म्हणूनच हिरवा दिवा लागतो आणि वाद्य तरीही बेसूर वाजते. आणि ज्या मुलाला या दोहोंचा मेळ लावता येत नाही ते दिव्यावर विश्वास ठेवते आणि स्वतःवर अविश्वास.

हा दोष अपघाताने राहून जात नाही, आणि येथेच माझे खरे म्हणणे आहे. खाच जास्त कापली गेली तर तार पडद्यांवर आपटून झणझणते; ती झणझण कोणालाही ऐकू येते आणि गिऱ्हाईक वाद्य परत घेऊन येते. खाच कमी कापली तर स्वर चढतो. तो फक्त ज्याला स्वर कळतो त्यालाच कळतो, आणि पहिले वाद्य घेणारा कुटुंबवत्सल बाप बहुधा त्यांतला नसतो. सबब, ज्या कारखान्याला प्रत्येक वाद्यावर माणसाची दहा मिनिटेही खर्च करावयाची नाहीत, तो सुरक्षित मार्ग म्हणून पट्टी उंचच ठेवतो. दोन दोषांपैकी गिऱ्हाइकाला ज्याचे नाव घेता येत नाही तो दोष निवडला जातो, आणि वाचवलेल्या दहा मिनिटांची किंमत नऊ वर्षांच्या मुलाकडून वसूल होते. तीही सर्व मुलांकडून सारखी नाही. ज्याचा कान मंद आहे ते मूल तसेच वाजवीत राहते. ज्याचा कान तीक्ष्ण आहे ते अस्वस्थ होऊन वाद्य खाली ठेवते. म्हणजे ज्या मुलाने पुढे संगीतात काही करावे, त्यालाच आपण प्रथम दारातून परत पाठवतो. मला हा अन्याय साधा वाटत नाही.

"या किमतीत याहून चांगले कसे मिळणार?" असे उत्तर मला दुकानात मिळाले. किमतीची ही सबब मला मान्य नाही, कारण या वाद्याचा स्वतःचा इतिहासच तिच्याविरुद्ध साक्ष देतो. २३ ऑगस्ट १८७९ रोजी पोर्तुगीजांच्या मदेरा बेटावरून उसाच्या मळ्यांत काम करण्यासाठी निघालेली कुटुंबे घेऊन 'रेव्हन्सक्रॅग' हे जहाज होनोलुलूच्या बंदरात आले. त्यात मॅन्युएल नुनेस, ऑगुस्तो डियास आणि जोझे दो एस्पिरितो सांतो हे तिघे होते, आणि तिघेही लाकडी सामान घडवणारे सुतार. मदेरातील माशेत नावाच्या छोट्या तंतुवाद्यावरून त्यांनी हवाई बेटांतील कोआ लाकडात जे वाद्य घडवले, ते राजा कालाकौआच्या आश्रयाने तेथील लोकांचे झाले. म्हणजे राजाश्रय पुढे मिळाला तरी हे वाद्य जन्मतः साध्या कारागिरांचे. पुढे १९४९ च्या सुमारास मारिओ माकाफेरी या इटलीत जन्मलेल्या वाद्यकाराने अमेरिकेत चक्क प्लास्टिकचे युकुलेले काढले. ते सहा डॉलरांहूनही स्वस्त होते, लाखोंनी खपले, आणि तरीही सुरात वाजत असे, कारण पडदे आणि मान साच्यातच काटेकोर मापाने उतरत. कॅनडातील हॅलिफॅक्स शहरात चामर्स डोन यांनी शाळाशाळांतून युकुलेलेचे वर्ग उभे केले, तेव्हा शाळेला परवडेल आणि शिकणाऱ्याला दगा देणार नाही असे वाद्य हवे म्हणून त्यांनी त्रिकोणी आकाराच्या वाद्याची रचनाही केली. स्वस्त आणि अपुरे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. लाकूड हलके असो, थरांचे असो, नाद थोडा बसका असो. दीड हजारात ते मी आनंदाने मान्य करीन. परंतु जे वाद्य आपला पहिला स्वर खरा देत नाही ते स्वस्त नाही, ते अर्धवट आहे.

नातीला आणि ते वाद्य घेऊन मी मिरजेस गेलो. सांगलीकराला मिरज काही परगाव नव्हे. ज्या कारागिरांच्या सतारी आणि तंबोरे दीडशेहून अधिक वर्षे देशभरच्या मैफलींत गेले, आणि ज्यांच्या वाद्यांना २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, त्यांच्यापैकी एका वृद्ध कारागिराच्या ओट्यावर आम्ही बसलो. समोर एका तंबोऱ्याच्या जवारीचे काम अर्धे राहिले होते, ते बाजूला सारून त्या चाचांनी युकुलेले हातात घेतले, मान डोळ्यासमोर धरून एका नजरेत पाहिले आणि म्हणाले, "ह्याची पट्टी कुणी कापलीच नाही हो. नुसत्या खुणा करून सोडलंय."

मग त्यांनी दुसरी तार सैल करून खाचेतून अलगद काढली आणि शेजारी ठेवली. बारीक कानस, खुंट्यांच्या दिशेने किंचित उतरती, तीन वेळा फिरवली. बोटाने पांढरी भुकटी पुसली. तार परत बसवली. दुसऱ्या आणि तिसऱ्या पडद्यांच्या मध्ये ती दाबून पहिल्या पडद्यावर तिच्याखालून वर्तमानपत्राची चिंधी सरकवून पाहिली. चिंधी सैल गेली. पुन्हा कानस, पुन्हा चिंधी. चौथ्या वेळी कागद तारेला जेमतेम लागून सरकला, तेव्हा ते थांबले आणि शिसपेन्सिलीचे टोक त्या खाचेतून एकदा ओढले. चार तारांना मिळून वीस-पंचवीस मिनिटे लागली. घोडीवरची पट्टीही त्यांनी काढली, तिची खालची कड पॉलिश पेपरवर घासली आणि बाराव्या पडद्यावरची तारेची उंची मोजपट्टीने पाहून पावणेतीन मिलिमीटरांवर आणली. मानेच्या कडेला पडद्यांची टोके बोटांना टोचत होती, कारण कोरड्या हवेत लाकूड आकसते आणि धातू आकसत नाही. तीही कानसून गुळगुळीत केली. नातीने दुसरी तार पहिल्या पडद्यावर दाबली, माझ्याकडे पाहिले आणि नंतर कितीतरी वेळ तोच एक मध्यम वाजवीत राहिली. चाचांनी दोनशे रुपये घेतले; मी अधिक देऊ केले तर घेतले नाहीत.

राहिलेल्या तक्रारी लहान आहेत, आणि पालकांना थोडी माहिती असली तर त्या घरीच मिटतात. नव्या नायलॉनच्या तारा आठवडाभर ताणत राहतात. तेवढे दिवस दर दहा मिनिटांनी सूर उतरला तर ते वाद्याचे आजारपण नव्हे, आणि लावून झाल्यावर तार हलक्या हाताने दोनचारदा वर ओढून पुन्हा लावली की ती लवकर स्थिरावते. सूर खालून वर चढवीत आणावा. ओलांडला गेला तर पुन्हा खाली जाऊन वर यावे. खुंटी पिळताना 'टक्' असा आवाज होऊन स्वर एकदम उडी मारत असेल, तर तार खाचेत अडकते आहे, तिला पेन्सिलीचे शिसे लावावे. दातेरी चाकाच्या खुंट्या सुमारे चौदा फेऱ्यांत तारेचा एक वेढा घेतात, म्हणून त्यांनी बारीक सूर साधतो. साध्या घर्षणाच्या खुंटीला फेरीस फेरी लागते, आणि ती घसरत असेल तर तिच्या टोकाचा स्क्रू पाव फेरा आवळला की पुरते. मोबाइलवरील यंत्र स्वराचे नाव दाखवते, सप्तक दाखवीलच असे नाही. त्यामुळे चौथी तार चुकून खर्जाच्या पंचमाला लावून ढिली ठेवणारी मुले मी पाहिली आहेत. यांत कठीण काहीच नाही. पण पट्टीच्या खाचा कापणे हे मात्र घरचे काम नव्हे. जास्त कापलेली खाच पुन्हा भरून येत नाही.

म्हणून वाद्यविक्रेत्यांना माझी विनंती आहे की खोके फोडल्यावाचून युकुलेले गिऱ्हाइकाच्या हाती देऊ नये. चष्म्याचे दुकान काच बसवून, नाकावर नीट बेतून चष्मा देते. सायकलवाला ब्रेक आवळून आणि चाक सरळ करून सायकल देतो. त्यात कोणास उपकार वाटत नाही. वाद्याच्या दुकानानेही दोनशे रुपये किमतीत मिळवावेत, पावतीवर ते स्वतंत्र लिहावेत, आणि स्वर तपासून वाद्य द्यावे. ज्या मोठ्या व्यापाऱ्यांकडे शेकड्यांनी माल येतो त्यांनी तो मिरजेच्या, किंवा आपापल्या गावच्या कारागिरांच्या हातून जाऊ द्यावा. ज्या हातांना तंबोऱ्याच्या घोडीवर केसाइतका उतार काढता येतो, त्यांना हे काम मुळीच अवघड नाही, आणि त्या हातांना कामाची गरजही आहे. संगीताचे वर्ग चालवणाऱ्या शिक्षकांनी पहिल्या दिवशी मुलांची बोटे पाहण्याआधी त्यांची वाद्ये पाहावीत. आणि पालकांनी दुकानातच, पैसे मोजण्यापूर्वी, मोबाइलवरील यंत्र सुरू करून चारही तारा जुळवून घ्याव्यात, मग प्रत्येक तार पहिल्या पडद्यावर, रोज वाजवतो तितक्याच सहज जोराने दाबावी. सुई दहा सेंटांहून अधिक उजवीकडे गेली तर ती दुकानदाराला दाखवावी आणि पट्टी कापून मागावी. त्याच्याकडे कानस नसेल, तर ज्याच्याकडे आहे त्याचे दुकान विचारीत पुढे जावे.