असं का होतं? : ‘धरलीस का? मग सोडते!’

मुलांनो, वेरूळची सहल तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी केली असेल. छत्रपती संभाजीनगरहून निघालं की दौलताबादचा किल्ला मागे पडतो आणि खुलताबादकडे चढणारा घाट लागतो. समजा, पुढे गाड्यांची रांग लागली आणि आपली एसटी ऐन चढावर थांबली. जरा वेळाने रांग हलते. ड्रायव्हरकाका गाडी काढतात आणि ती तसूभरही मागे न येता पुढे सरकते. यात काय विशेष, असं वाटलं ना? मग एक हिशेब करू या.

भरलेली एसटी 12 टनांची, म्हणजे 12,000 किलोची धरा. रस्ता दर 20 मीटरला 1 मीटर चढतोय असं समजा. मग उतार गाडीला मागे ओढतो तो तिच्या वजनाच्या विसाव्या हिश्शाएवढ्या जोराने. 12,000 भागिले 20 किती? 600 किलो! उभी गाडी शांत दिसते, पण ही ओढ क्षणभरही थांबत नाही. तिला अडवून धरतो तो ब्रेक.

गाडी पुढे न्यायची तर ब्रेक सोडायला हवा. पण डिझेल इंजिनाची एक अडचण आहे. ते फिरत असेल तरच जोर लावू शकतं. गाडी उभी असतानाही ते मिनिटाला साधारण 600-700 फेरे घेतं. चाकं तर थांबलेली! दोघांची एकदम गाठ घातली तर इंजिनच बंद पडेल. म्हणून मध्ये क्लच असतो. त्याच्या तबकड्या आधी एकमेकींवर घसरतात, मग हळूहळू घट्ट धरतात आणि इंजिनाचा जोर चाकांपर्यंत पोचतो. फिरवणाऱ्या या जोराला ‘टॉर्क’ म्हणतात.

आई पाण्याने भरलेली कळशी तुमच्या हातात देते तेव्हा काय विचारते? ‘‘धरलीस का?’’ तुम्ही ‘‘धरली’’ म्हणालात की मगच ती हात सोडते. चढावर ब्रेक म्हणजे आई आणि इंजिन म्हणजे तुम्ही! हँडब्रेक लावलेला ठेवून चालक पहिला गिअर टाकतो आणि क्लच हळूहळू सोडतो. इंजिनाचा आवाज किंचित खाली बसतो. हीच ‘धरली’ची खूण. मगच हँडब्रेक सुटतो.

काही जण ब्रेक न लावता अर्ध्या क्लचवरच गाडी चढावर तोलून धरतात. त्यात तबकड्या घासून तापतात, जळका वास येतो आणि क्लच लवकर झिजतो. थांबायचं असेल तर ब्रेकच हवा.

चढावर ब्रेक धरून ठेवणारी सोय अमेरिकेतल्या स्टुडबेकर कंपनीने 1936 सालीच आपल्या मोटारीत दिली होती. आजच्या कितीतरी मोटारींत ‘हिल होल्ड’ असतं. ब्रेकवरून पाय काढला तरी ते साधारण 2 सेकंद ब्रेक धरून ठेवतं. फक्त 2 सेकंद हं! त्याच्या भरवशावर गाडीतून उतरायचं नसतं. विजेच्या मोटरला मात्र थांबल्या जागेवरूनही जोर लावता येतो. म्हणून 1 जून 2022 ला सुरू झालेल्या एसटीच्या ‘शिवाई’सारख्या विजेच्या बसमध्ये असा क्लच लागत नाही.

आता महत्त्वाचं. श्रावणात भद्रा मारुती आणि घृष्णेश्वराच्या दर्शनाला या रस्त्याने खूप लोक जातात, कितीतरी जण पायी. चढावर थांबलेल्या गाडीच्या अगदी मागून कधीही जाऊ नका, तिथे उभंही राहू नका. ‘धरली’ म्हणायच्या आधीच ब्रेक सुटला तर गाडी हातभर मागे येऊ शकते, आणि 600 किलोंची ओढ दोन हातांनी थोपवता येत नाही.

पालकांनो, उतारावर गाडी उभी करताना हँडब्रेक पूर्ण ओढा. गाडीचं तोंड चढाकडे असेल तर पहिला गिअर, उताराकडे असेल तर रिव्हर्स टाकून ठेवा आणि उताराच्या बाजूने चाकाला दगड लावा. गाडीत मुलांना एकटं ठेवू नका. हँडब्रेकचा दांडा चिमुकल्या हातांनाही सुटतो!

आणि मुलांनो, पुढच्या वेळी घाटात एसटी थांबली की कान देऊन ऐका. इंजिन ‘धरली’ म्हणतं ते नक्की ऐकू येईल!