विषाणूची वंशावळ आणि प्रवाशाची नोंद

ब्रिटनहून 17 डिसेंबर रोजी गोव्यात आलेल्या एका बालकाला ओमायक्रॉनची बाधा झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेच्या अहवालातून सोमवारी, 27 डिसेंबर रोजी स्पष्ट झाले. राज्यातील हा पहिला रुग्ण. आगमन आणि अहवाल यांत दहा दिवस गेले. नववर्षासाठी पर्यटकांची रीघ लागली असताना या विलंबाचा अर्थ समजून घ्यायचा, तर शेजारच्या हुबळी-धारवाडचा अनुभव उद्बोधक आहे.

धारवाडच्या एसडीएम वैद्यकीय महाविद्यालयात 17 नोव्हेंबरच्या स्वागत समारंभानंतर संसर्ग पसरला आणि 27 नोव्हेंबरपर्यंत बाधितांची संख्या 281 वर पोहोचली. बहुतेकांनी लशीच्या दोन्ही मात्रा घेतल्या होत्या. त्याच आठवड्यात दक्षिण आफ्रिकेतून ओमायक्रॉनची वार्ता आली आणि संशयाची सुई बाहेरून येणाऱ्यांकडे वळली. कर्नाटकाने महाराष्ट्र व केरळमधून येणाऱ्यांना आरटी-पीसीआर चाचणी सक्तीची केली. जनुकीय क्रमनिर्धारणात मात्र विषाणू डेल्टाच निघाला. म्हणजे देशात आधीच मुरलेला.

या तंत्राचे सामर्थ्य आणि मर्यादा, दोन्ही येथे दिसतात. करोना विषाणूच्या जनुकीय संहितेत सुमारे 30,000 अक्षरे असतात आणि प्रसार होत असताना त्यांत महिन्याला साधारण दोन बदल होतात. या बदलांच्या खुणांवरून विषाणूची वंशावळ मांडता येते. परंतु आठवडाभरात एकमेकांपासून बाधित झालेल्यांच्या नमुन्यांत फरक आढळेलच असे नाही. दोन विषाणू भिन्न घराण्यांतले असतील, तर ते क्रमावरून कळते. कोणी कोणाला बाधित केले, हे केवळ क्रमावरून ठरत नाही.

त्यासाठी प्रवासाची व संपर्काची नोंद लागते. बंगळूरच्या निम्हान्स संस्थेतील संशोधकांनी मे 2020 पर्यंतच्या कर्नाटकातील 91 नमुन्यांचा अभ्यास नेमका असाच केला. त्यांना विषाणूचे सात वंश आढळले. चीन, आग्नेय आशिया, इराण, युरोप आणि भारताचे इतर भाग येथे त्या वंशांचा वावर होता. म्हणजे विषाणू राज्यात एकदा नव्हे, अनेकदा आला. संपर्काच्या 17 समूहांपैकी 14 समूहांत एकच वंश सापडला. ज्यांचा कोणताही संपर्क ज्ञात नव्हता, अशा 24 रुग्णांपैकी 11 जणांत बी.6 हा वंश आढळला. तो स्थानिक पातळीवर पसरत असल्याची ही खूण होती.

गोव्याचा संबंध इथेच येतो. मार्च 2020 मधील धारवाड जिल्ह्याचा पहिला रुग्ण ऑस्ट्रेलियाहून दुबई, मस्कत आणि गोवा या मार्गे घरी पोहोचला होता. अशा प्रवासात एका राज्यातील नोंद आणि दुसऱ्या राज्यातील नमुना एकत्र आल्याखेरीज साखळी जुळत नाही. हुबळी-धारवाडशी रेल्वेने व अनमोड घाटाने जोडलेल्या राज्याला हे विसरून चालणार नाही.

केवळ विमानतळावरील नमुने तपासणेही पुरेसे नाही. 2 डिसेंबर रोजी बंगळूरमध्ये देशातील पहिले दोन ओमायक्रॉन रुग्ण जाहीर झाले. त्यांतील एक, व्यवसायाने डॉक्टर, परदेशी गेलेच नव्हते. म्हणून गोव्याने परदेशी प्रवाशांबरोबरच स्थानिक रुग्णांचे नमुनेही नियमितपणे पाठवावेत, शेजारी जिल्ह्यांशी प्रवाशांच्या नोंदींची देवाणघेवाण करावी आणि क्रमनिर्धारणाची सोय राज्यातच उभारावी. दहा दिवसांनी हाती येणारा अहवाल इतिहास सांगतो. प्रसार रोखण्याची वेळ तोवर टळून गेलेली असते.