मुख्य सचिवांना खुले पत्र: 'अमजद खान' कोण, हे विचारलं होतं का?

मा. मुख्य सचिव, महाराष्ट्र शासन यांस,


फोन टॅप करायचा हुकूम राज्याचं गृहखातं काढतं, हे बहुतेकांना ठाऊक असतं. तो हुकूम कायद्याला धरून आहे का, हे पाहणारी समिती मात्र आपल्या अध्यक्षतेखाली असते. दोन महिन्यांतून एकदा तरी तिने बसावं आणि पटला नाही तो हुकूम रद्द करावा, असा नियम आहे. आजवर किती रद्द झाले? वर्ध्यात बसून आम्हाला ते कुठेच वाचायला मिळत नाही.

केंद्राच्या अशाच समितीबद्दल डेटा संरक्षणावरच्या न्या. श्रीकृष्ण समितीने 2018 मध्ये लिहून ठेवलंय: एकेका बैठकीपुढे 15 ते 18 हजार हुकूम. एवढे कागद कोणी वाचत नसतं, फार तर सह्या होतात.

आपल्या राज्यातलं सांगायचं तर, 2016-17 मध्ये नाना पटोले यांचा फोन 'अमजद खान' या नावाखाली टॅप झाल्याचा आरोप झाला. ते तेव्हा खासदार होते. पुढे गुन्हा दाखल झाला आणि 2023 मध्ये उच्च न्यायालयाने तो रद्दही केला. पोलीस अधिकाऱ्यांचं जे व्हायचं ते झालं, माझा प्रश्न समितीला आहे. असं नाव कागदावर आलंच असेल, तर हा अमजद खान कोण, नंबर कोणाच्या नावावर आहे, एवढं तरी कोणी विचारलं का?

खासदाराची ही कथा, मग वकिलाला कोण विचारतो! नागपूरचे ॲड. निहालसिंग राठोड भीमा कोरेगाव प्रकरणातले आरोपी सुरेंद्र गडलिंग यांची बाजू पाहत होते. आपल्या फोनवर पेगासस या हेरगिरीच्या सॉफ्टवेअरचा हल्ला झाला, हे त्यांना 2019 मध्ये व्हॉट्सॲपकडून समजलं. त्या हल्ल्याला साधा व्हिडिओ कॉल पुरत होता, उचलला नाही तरी चाले. खुद्द गडलिंग यांच्या संगणकात कोणीतरी वीस महिने शिरून होतं आणि कागद बाहेरून घातले गेले, असं आर्सेनल या अमेरिकी प्रयोगशाळेने 2021 मध्ये म्हटलं. तपास करणाऱ्या एनआयएला ते मान्य नाही. पेगासस बनवणारी एनएसओ कंपनी सांगते, आम्ही फक्त सरकारांना विकतो. पेगासस प्रकरणी सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीला 29 पैकी 5 फोनांत घातक सॉफ्टवेअर सापडलं. ते पेगाससच, असं ठरलं नाही. केंद्राने सहकार्य केलं नाही, हे मात्र सरन्यायाधीशांनी भर कोर्टात सांगितलं.

सेवाग्रामला बापूंच्या दफ्तरात एक जुना फोन आहे. व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी गांधीजींशी थेट बोलता यावं म्हणून तो बसवून दिला होता. तारेच्या पलीकडे सरकार आहे, हे सगळ्या आश्रमाला माहीत होतं. आज ते माहीत नसतं, म्हणून माणसं फोनवर निम्मंच बोलतात. बातमीदाराला तर माहिती देणारेच टाळू लागतात.

नावं आम्हाला नकोत, तपासही उघड करू नका. वर्षभरात हुकूम किती निघाले, समितीने किती तपासले, किती रद्द केले, एवढं सांगा. आणि राज्य पोलिसांनी असलं हेरगिरीचं सॉफ्टवेअर कधी विकत घेतलं का, याचं हो किंवा नाही असं उत्तर द्या. एका पानाचं काम आहे. नागपूरच्या हिवाळी अधिवेशनात ते पान पटलावर ठेवता येईल.

आपला,
वर्ध्याचा एक नागरिक