मुलांच्या कादंबरीतला मृत्यू खोडू नका

मुलांच्या कादंबरीत जिवलग मित्राचा मृत्यू नको, असं म्हणणारे पालक आणि शिक्षक आपल्याकडे कमी नाहीत. कोवळ्या मनाला धक्का बसतो, हा त्यांचा एक आक्षेप. दुसरा असा, की सगळं दैवाच्या हाती आहे असं दिसलं की मूल हातपाय गाळायला शिकतं.

पहिल्या आक्षेपात फारसा दम नाही. शेवटी आई जाते हे ठाऊक असूनही 1935 पासून ‘श्यामची आई’ आपण मुलांच्या हाती देत आलो आहोत. शिवाय मृत्यू घरातही येतोच. आजोबा गेले की मुलांना शेजारी धाडायचं आणि ‘देवाघरी गेले’ एवढं सांगून विषय संपवायचा, ही आपली रीत. मूल मात्र आतल्या आत कुढत राहतं: काल मी त्यांचा चष्मा लपवला, म्हणून तर नाही ना?

दुसऱ्या आक्षेपाला उत्तर द्यायचं तर कॅथरिन पॅटरसन यांची 1977 सालची ‘ब्रिज टू तेराबिथिया’ नीट वाचायला हवी. लेखिकेच्या लहान मुलाची मैत्रीण वीज पडून गेली, त्या दुःखातून ही कादंबरी आली. अमेरिकेतही ती शाळांतून काढून टाकण्याच्या मागण्या वारंवार झाल्या. व्हर्जिनियातल्या खेड्यातले जेस आणि लेस्ली दोरीला लोंबकळून ओढा ओलांडतात आणि पलीकडच्या रानात स्वतःचं राज्य वसवतात. पावसाने ओढा फुगलेला असताना एके दिवशी जेस शिक्षिकेबरोबर वॉशिंग्टनला चित्रं बघायला जातो. लेस्लीलाही बरोबर घेता आलं असतं, हे वाटेत त्याच्या लक्षात येतं. पण आपण एकटेच आलो, याचा छुपा आनंदही त्याला होतो. तो परततो तेव्हा दोरी तुटून लेस्ली गेलेली असते.

त्या छुप्या आनंदासाठी मी ही कादंबरी मोठी मानतो. मुलाच्या मनातला अपराधीपणा नेमका अशाच क्षुल्लक जागी घर करतो, हे लेखिकेला ठाऊक आहे. लेस्लीने दिलेले रंग जेस ओढ्यात भिरकावतो. मागोमाग आलेले वडील त्याला मांडीवर ओढून घेतात. बायबलवर विश्वास नसलेले नरकात जातात, हे धाकट्या बहिणीचं बोलणं त्याला छळत असतं. तो वडिलांना तेच विचारतो. देव लहान पोरींना नरकात धाडत नाही, असं ते ठामपणे सांगतात. दोरी तुटणं ही कुणाला झालेली शिक्षा नव्हती, हे त्या मुलाला कुणीतरी मोठ्याने सांगण्याची गरज होती. नंतर जेस लेस्लीच्या घरून फळ्या मागून आणतो, ओढ्यावर पूल बांधतो आणि त्याच धाकट्या बहिणीला पलीकडे नेतो. यात हातपाय गाळणं कुठे आहे?

पण अशा पुस्तकांच्या कैवाऱ्यांचंही एक म्हणणं मला पटत नाही. मैत्री दैवावर मात करते, असं ते सांगतात. ते खरं नाही, आणि मुलाला खोटा दिलासा देऊ नये. ई. बी. व्हाइट यांच्या 1952 सालच्या ‘शार्लट्स वेब’मध्ये विल्बर या डुकराच्या पिलाचा जीव दोनदा धोक्यात येतो. आधी कुऱ्हाड, मग नाताळची कत्तल. दोन्ही माणसांचे बेत आहेत. पहिला छोटी फर्न बापाची कुऱ्हाड धरून हाणून पाडते. दुसरा शार्लट ही कोळीण जाळ्यात शब्द विणून मोडते. तिचं स्वतःचं आयुष्य मात्र ऋतूबरोबर सरतं, तिथे कुणाचंच काही चालत नाही. 514 अंडी मागे ठेवून ती जत्रेच्या मैदानात एकटीच मरते. विल्बरला ते टाळता येत नाही. तिची अंड्यांची पिशवी तोंडात धरून घरी नेणं तेवढं त्याच्या हातात असतं, आणि ते तो करतो.

माणसाने घेतलेला, म्हणून बदलता येणारा निर्णय कोणता आणि कुणालाच न टळणारी गोष्ट कोणती, हा फरक मूल इथे शिकतं. ‘नशिबात होतं’ म्हणून दोन्ही एकाच पारड्यात टाकणाऱ्या घरांतल्या मुलांना तर त्याची फारच गरज आहे. दरवेळी संकटातून निसटणारा फास्टर फेणे मलाही प्रिय आहे. पण सुटकेच्या गोष्टींतून हा फरक कळत नाही. म्हणून पाचवी-सहावीच्या वाचनपेटीत फेणेच्या शेजारी जेस आणि विल्बरही हवेत. आणि वाचून कुणी मूल रडलं, तर पुस्तक काढून घेऊ नये. शेजारी बसून ते विचारेल त्याचं उत्तर द्यावं.