व्याऱ्याचं मत, कामरेजचं वजन : ख्रिस्ती पक्ष इथे का उभा राहत नाही?

कामरेज : सुरतेत डच लोकांचं जुनं कबरस्तान आहे, कतारगामकडचे वाचक ते ओळखतात. त्याच डचांच्या देशात, नेदरलँड्समध्ये, एसजीपी नावाचा छोटा पक्ष १९१८ पासून टिकून आहे. कट्टर प्रोटेस्टंट. रविवारी दुकानं बंद हवीत, गर्भपाताला विरोध, आणि बाईने निवडणूक लढवायची नाही हा नियम तर त्यांनी कोर्टकचेऱ्या झाल्यावर २०१३ मध्ये सोडला. २०२३ला त्यांना जेमतेम दोन टक्के मतं पडली, तरी १५० पैकी ३ जागा मिळाल्या.

हे इथे सांगायचं कारण म्हणजे बारडोली लोकसभा मतदारसंघ. मांगरोळ, मांडवी, कामरेज, बारडोली, महुवा, व्यारा आणि निझर अशा सात विधानसभा त्यात येतात. व्यारा-निझर पट्ट्यात ख्रिस्ती झालेले आदिवासी लक्षणीय आहेत, पलीकडे नवापूर तालुक्यातही तेच. नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. नातीगोती, चर्च, बाजार सगळं दोन्हीकडे. मग या लोकांचा स्वतःचा पक्ष का नाही?

पहिलं कारण गणिताचं. डच पद्धतीत देशभरची मतं एकत्र मोजतात, शेकडा पाऊण मतही जागेला पुरतं. आपल्याकडे मतदारसंघात जो पहिला तो जिंकला, बाकीची मतं पाण्यात. त्यात सातांपैकी सर्वांत जास्त मतदार कामरेजचे. इथे सौराष्ट्रातून आलेले पाटीदार, सोसायट्यांमधले खानदेशी, कारखान्यांतले परप्रांतीय. सीट आदिवासींसाठी राखीव, पण खासदार ठरवताना कामरेजचा बिगर-आदिवासी मतदार भारी पडतो. प्रभुभाई वसावा २०१४ पासून तीनदा निवडून आले ते भाजपच्या चिन्हावर. धर्माच्या नावावर पक्ष काढणाऱ्याला इथे डिपॉझिट वाचवणंही कठीण.

दुसरं कारण कायद्याचं. धर्माच्या नावाने मत मागणं हा निवडणूक कायद्यात भ्रष्ट प्रकार आहे. २ जानेवारी २०१७ला सुप्रीम कोर्टाने ४ विरुद्ध ३ असा निकाल देऊन तो अर्थ आणखी रुंद केला : उमेदवाराचाच नव्हे, मतदाराचा धर्मही पुढे करायचा नाही. ते प्रकरण मुंबईतल्या सांताक्रूझच्या १९९०च्या निवडणुकीचं होतं.

मग काय होतं? ख्रिस्ती मतदार मोठ्या पक्षांत विरघळतो. व्यारा वर्षानुवर्षं काँग्रेसचा गड, अमरसिंह चौधरींचा पट्टा. २०२२ला भाजपने तिथे मोहनभाई कोकणी या ख्रिस्ती आदिवासी उमेदवाराला उभं केलं. गुजरातेत पक्षाने असं तिकीट दोन दशकांत दिलं नव्हतं. ते २२ हजारांहून जास्त मतांनी आले. काँग्रेस आणि आप यांच्यात मतं फुटली हे खरं, पण तेवढ्यावर हा निकाल झटकून टाकता येणार नाही. रस्ता, पाणी, तलाठ्याकडचं काम यासाठी सत्तेतला माणूस हवा, हा हिशेब चर्चला जाणाऱ्यालाही कळतो.

खरी अडचण पुढे आहे. गुजरातचा धर्मस्वातंत्र्य कायदा २००३चा. धर्मांतराचा विधी करणाऱ्याने आधी कलेक्टरची परवानगी घ्यायची. २०२१ला त्यात लग्नाचंही कलम घातलं. दुसरीकडे, धर्मांतरित आदिवासींना अनुसूचित जमातीच्या यादीतून काढा, ही मागणी जनजाती सुरक्षा मंच लावून धरतोय. ती नवी नाही, कार्तिक ओरांव यांनी साठच्या दशकात संसदेत मांडली होती. १९५०च्या आदेशात अनुसूचित जातींना धर्माची अट आहे, जमातींना नाही. म्हणून ख्रिस्ती भिल, गामीत, कोकणी आजही राखीव जागेवर लढू शकतात. ती अट लागली तर व्याऱ्यातच नव्हे, नवापुरातल्या पोरांच्या दाखल्यांवरही गदा येईल.

अशा विषयावर एसजीपीसारखा तीन जणांचा गट सरळ उठून "नाही" म्हणतो, हरला तरी नोंद राहते. इथल्या आमदाराच्या मानेवर व्हिपची टांगती तलवार. पक्षादेश मोडला तर आमदारकीच जाते. आम्हाला एसजीपीच्या बाईविषयक मतांचं कौतुक मुळीच नाही. पण व्यारा-निझरच्या ख्रिस्ती मतदाराला आज तिकीट मिळतं, आवाज मिळत नाही, आणि यादीतून काढण्याचं विधेयक खरंच आलं तर त्यावर मत देणारा खासदार निवडण्यात व्याऱ्याइतकाच, किंबहुना जास्तच, हात कामरेज चार रस्त्यावरच्या मतदाराचा असेल. त्याला हा विषय कोणी अजून समजावूनही सांगितलेला नाही.