पडद्याला खानदेश ऐकू येऊ द्या

मराठी चित्रपटातला शेतकरी तोंड उघडतो तेव्हा तो बहुतेक कोल्हापूर-साताऱ्याकडचा असतो. अलीकडे सोलापूर, नगर, विदर्भ यांचे सूरही ऐकू येऊ लागले आहेत. पण धुळ्या-जळगावचा माणूस पडद्यावर क्वचितच येतो, आणि आला तरी आपली बोली वेशीबाहेर ठेवून येतो. या सदरात दर आठवड्याला एकच चित्रपट घ्यायचा हा माझा शिरस्ता. आज तो मोडतो आहे. सुट्टीत मुलांना काय दाखवू, घरी सगळ्यांनी मिळून काय पाहावं, असं वाचक सतत विचारतात. त्यांच्यासाठी काही जुने-नवे चित्रपट एकत्र घेतले आहेत. त्यांचा खानदेशाशी काही धागा तरी आहे, नाहीतर त्यात आपल्याकडच्या माणसाला आपलं घर दिसतं. मतं माझी आहेत आणि मोकळी आहेत.

सुरुवात 'श्यामची आई'पासून. गोष्ट कोकणातली, पण ती सांगणाऱ्या साने गुरुजींना मास्तर म्हणून घडवलं ते अमळनेरने. प्रताप हायस्कूलमध्ये ते शिकवत आणि वसतिगृहातल्या मुलांची देखभाल करत. आचार्य अत्र्यांच्या 1953 च्या चित्रपटाला राष्ट्रीय पुरस्कारांच्या पहिल्याच वर्षी राष्ट्रपतींचं सुवर्णपदक मिळालं. तो चित्रपट आजही उभा आहे तो वनमालाबाईंमुळे. त्यांची आई आधी कडक आहे आणि मग मायाळू. हा क्रम त्यांनी कुठेही उलटू दिला नाही, म्हणून सत्तर वर्षांनंतरही ती आई खोटी वाटत नाही. सुजय डहाके यांचा 2023 चा 'श्यामची आई' कृष्णधवल आहे, देखणा आहे. ओम भुतकर यांनी गुरुजी संयमाने उभे केले आहेत. मात्र चित्रणाची शिस्त इतकी जाणवते की रडू येण्याच्या जागी मी चौकटीच पाहत बसलो. मुलांना दोन्ही दाखवा, पण आधी जुना. वसतिगृहातल्या पोरांचे कपडे धुणारे, आजारी मुलाच्या उशाशी बसणारे अमळनेरचे गुरुजी हा एक वेगळाच चित्रपट आहे, आणि तो पाहायची माझी इच्छा अजून तशीच आहे.

स्मिता पाटील पुण्यात जन्मल्या, पण वडील शिवाजीराव शिरपूरचे, त्यामुळे धुळे जिल्हा त्यांना घरचीच लेक मानतो. त्यांचा एकच चित्रपट पाहायचा असेल तर जब्बार पटेलांचा 1982 चा 'उंबरठा' पाहा. शांता निसळ यांच्या 'बेघर' या कादंबरीवरचा हा चित्रपट. चांगल्या घरची, शिकलेली सून सुलभा महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून दूरच्या गावी जाते, एवढीच त्याची गोष्ट. या भूमिकेत मोठ्याने बोलण्याच्या जागा खूप होत्या. स्मिताबाईंनी त्यातल्या बहुतेक सोडून दिल्या आहेत. आश्रमाच्या कारभाऱ्यांसमोर बसलेली सुलभा पाहा. समोरचा बोलत असतो, ती ऐकत असते, आणि तिच्या जबड्याच्या कडेला एक शीर ताणलेली दिसते. पुढे ती काय करणार ते आपल्याला तिथेच कळतं. नवरा वाईट माणूस नाही, सासू दुष्ट नाही, तरीही त्या घरात तिला जागा उरत नाही. असा शेवट लिहायला आणि दाखवायला 1982 मध्ये धाडस लागत होतं. आजच्या कौटुंबिक मालिका पाहिल्या तर ते आजही लागतं असं म्हणावं लागेल.

'जैत रे जैत' (1977) मी गाण्यांसाठी पाहतो, आणि यात मला काही कमीपणा वाटत नाही. गो. नी. दांडेकरांची गोष्ट ठाकरांची, कर्नाळ्याच्या लिंगोबाच्या डोंगरावरची. गाणी मात्र ना. धों. महानोरांची, म्हणजे अजिंठ्याच्या डोंगराखालच्या पळसखेडच्या शेतकऱ्याची. महानोर 2023 मध्ये गेले. पाऊस आणि पीक यांची इतकी ओली भाषा दुसऱ्या कुणी मराठी चित्रपटाला दिली नाही. मोहन आगाशे आणि स्मिता पाटील त्या गाण्यांत इतके मिसळून गेले आहेत की गाणं कुठे संपलं आणि प्रसंग कुठे सुरू झाला ते कळत नाही.

महानोरांच्याच दीर्घ कवितेवर नितीन देसाई यांनी 2012 मध्ये 'अजिंठा' केला. इथे मी निराश झालो. लेण्यांतली चित्रं उतरवून घेणारा मेजर रॉबर्ट गिल आणि पारो यांची ही गोष्ट आहे. सोनाली कुलकर्णी दिसतात सुंदर, नेपथ्य भव्य, गाण्यांमागून गाणी. पण गिलने वर्षानुवर्षं अंधाऱ्या लेण्यांत बसून जे काम केलं त्याची दमछाक पडद्यावर कुठेच नाही. त्याने केलेल्या बहुतेक प्रतिकृती 1866 मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. माणसाच्या आयुष्याचं काम राख होणं यापेक्षा मोठं नाट्य कुठलं? तो गिल 1879 मध्ये वारला आणि त्याची कबर आपल्या भुसावळला आहे. प्रेमकथा पाहायची असेल तर चित्रपट पाहा. गिल समजून घ्यायचा असेल तर भुसावळला जाऊन त्या कबरीपाशी उभे राहा.

'बालगंधर्व' (2011) याहून उजवा. लहानपणी नारायणरावांनी जळगावात मेहबूबखाँकडे गाण्याचे धडे घेतले आणि जळगावने त्यांच्या नावाचं खुलं नाट्यगृह उभारलं, त्यामुळे आपला त्यांच्यावर थोडा हक्क आहे. सुबोध भावे यांनी लुगड्यातला वावर नक्कल न करता साधला आहे. आनंद भाटे यांच्या आवाजाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तो योग्यच होता. कमी पडते ती उतारवयाची कहाणी. कर्ज, हट्ट, ओसरलेला काळ हे सगळं चित्रपट घाईने उरकतो, आणि मला तर तेच पाहायचं होतं.

आता मला ज्याच्याबद्दल जास्त बोलायचं आहे तो चित्रपट. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' (2009). गाव विदर्भातलं आहे, पण पारोळ्यात, शिंदखेड्यात, चोपड्यात कुणालाही ते परकं वाटणार नाही, कारण त्यात कपाशी आहे. गावातला एक शेतकरी जीव देतो. त्या दिवसापासून अलकाला धास्ती बसते की आपला किसनाही तसंच काही करेल. ती पोराला बापाच्या मागे पाठवते, नजर ठेवायला सांगते. घरात गोडधोड करते, त्याच्या मनाविरुद्ध काही होऊ देत नाही. किसनाला यातलं काहीच ठाऊक नाही. त्याच्या डोक्यात बियाणं, पाऊस आणि पुन्हा करावी लागणारी पेरणी एवढंच आहे. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी या दोघांनी नवरा-बायकोतलं न बोललेलं प्रेम फार बारकाईने उभं केलं आहे. पोरगा बांधामागे लपून बापाकडे पाहतो त्या प्रसंगांना थिएटरात लोक हसतात, आणि आपण कशावर हसलो ते ध्यानात येताच गप्प होतात. शेतकरी आत्महत्येवर इतर चित्रपट भाषण देतात. हा स्वयंपाकघरातून त्या प्रश्नाकडे पाहतो. दुबार पेरणीचा खर्च ज्या घराने सोसला आहे त्याने हा चित्रपट पाहावाच. शेवट सांगत नाही. माझ्या मते गेल्या वीस वर्षांतल्या पहिल्या पाच मराठी चित्रपटांत त्याची जागा आहे, आणि त्याचं नाव फार कमी घेतलं जातं याचा मला राग येतो.

शिवाजी लोटन पाटील आपल्या जळगाव जिल्ह्याचे. 'लोटन' हे नाव ऐकलं की खानदेशी माणसाला मुलूख विचारावा लागत नाही. त्यांच्या 'धग'ला साठाव्या राष्ट्रीय पुरस्कारांत दिग्दर्शनाचा आणि उषा जाधव यांना अभिनयाचा पुरस्कार मिळाला. मसणात प्रेतं जाळून पोट भरणारं कुटुंब, आणि ते काम करायचं नाही म्हणणारा मुलगा. लोकांच्या घरी कुणी मेलं तर यांच्या घरी चूल पेटणार, ही गाठ चित्रपटाने एकदाही सैल सोडली नाही. काही ठिकाणी पार्श्वसंगीत जास्त झालं आहे, ते खटकतं. उषा जाधव मात्र एका क्षणासाठीही नटी वाटत नाहीत. राजन खान यांच्या कथेवरचा 'हलाल' (2017) मला दिग्दर्शक म्हणून त्यांचं अधिक पिकलेलं काम वाटतं. तलाक आणि हलाल्याच्या फासात अडकलेल्या बाईची बाजू ते घेतात, पण त्या समाजाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करत नाहीत. 'भोंगा'ला राष्ट्रीय पुरस्कार आधीच मिळाला होता, पण तो पडद्यावर आला 2022 च्या मे महिन्यात, भोंग्यांवरून राजकारण पेटलं होतं तेव्हा. गदारोळात लोकांनी चित्रपट पाहण्याआधीच बाजू घेतल्या. मूळ गोष्ट आजारी लेकराची आणि त्याच्या आईबापाच्या झोपेची आहे. उत्तरार्धात पात्रं समजावून सांगू लागतात तिथे ती सैल पडते, पण पूर्वार्ध सच्चा आहे.

मालेगाव जिल्ह्याने नाशिकचं, पण आग्रा रोडवरून धुळ्याला ते शेजारघर आहे. दोन चित्रपट. फैजा अहमद खान यांचा 2008 चा माहितीपट 'सुपरमेन ऑफ मालेगाव' आणि रीमा कागती यांचा 2025 चा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव'. नासिर शेख आणि त्याचे मित्र स्वस्तातल्या कॅमेऱ्यावर आपला सुपरमॅन बनवतात, हा दोन्हींचा गाभा. कागतींचा चित्रपट नीटनेटका आहे, विनीत कुमार सिंह यांचा लेखक फरोघ मनात राहतो, आणि मैत्रीतलं भांडणही खरं वाटतं. तरी दोन्हींत निवड करायची तर मी माहितीपटच निवडीन. त्यात यंत्रमागावर राबणारा शफीक आहे. काडीसारखा बारीक, अंगाला न बसणारा निळा पोशाख घातलेला. हिरव्या कापडापुढे त्याला आडवा धरून उडवतात आणि तो एकदम गंभीर चेहऱ्याने हात पुढे करतो. त्या चेहऱ्यावर थट्टा नाही. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी आपल्याकडे नायक म्हणून पाहतंय, याचं भान आहे. पुढे तो कर्करोगाने गेला. ते ठाऊक असताना हा प्रसंग पाहणं मला जड जातं, आणि तरी मी तो ज्याला त्याला दाखवतो.

आता मूळ तक्रारीकडे. बोली आली की चित्रपट चालत नाही, असं निर्माते सांगतात. मला ते अजिबात पटत नाही. नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'त जब्याच्या घरात कैकाडी बोलली जाते. डुकरामागे धावणारं ते कुटुंब शाळेतलं राष्ट्रगीत सुरू होताच जागच्या जागी उभं राहतं आणि डुक्कर निसटतं. तो प्रसंग जळगावच्या प्रेक्षकाला समजायला कसलीच अडचण आली नाही. 'सैराट' तर करमाळ्याच्या बोलीत आला आणि 2016 साली त्याने सगळा महाराष्ट्र हलवला. धुळ्यातही त्याच्या तिकिटांसाठी झुंबड उडाली. म्हणजे प्रेक्षक बोलीला घाबरत नाही. घाबरतो तो पैसा लावणारा.

खानदेशचा शब्द सिनेमाला पूर्वीपासून गोड लागला आहे. बहिणाबाईंची संसारावरची कविता अनंत माने यांच्या 'मानिनी'त 1961 मध्येच गाण्याच्या रूपात आली. आपली गाणी पडद्याने घेतली, आपली माणसं घेतली. 'माले', 'तुले' म्हणणारं घर तेवढं घेतलं नाही. यावलची लेवा गणबोली घेतली नाही, तावडी घेतली नाही, सातपुड्यातली पावरी तर दूरच राहिली.

मोबाइलवर मात्र चित्र उलटं आहे. 'हाई झुमका वाली पोर' हे अहिराणी गाणं कोट्यवधी वेळा पाहिलं गेलं, पुण्या-मुंबईच्या लग्नांत वाजलं. छोटू दादाच्या खानदेशी कॉमेडीला देशभर प्रेक्षक आहे. त्या फितींबद्दलही मत देतो. वेळ साधण्याची हातोटी अस्सल आहे, प्रसंग बाजारातले आणि गल्लीतले आहेत, कॅमेरा नेमका हवा तिथे असतो. पण विनोद पुन्हा पुन्हा माणसाच्या उंचीवर आणि बायकोच्या माराला घाबरण्यावर येऊन थांबतो. दहा मिनिटांपुरतं ते चालतं. त्याच कलाकाराला एक पूर्ण भूमिका मिळाली तर तो काय करील हे पाहायला मी पहिल्या दिवशीचं तिकीट काढीन.

तंत्र इथे आहे. कॅमेरा चालवणारी, संकलन करणारी पोरं धुळ्यात, मालेगावात, जळगावात आहेत. प्रेक्षक आहे. गोष्टी तर ढीगभर आहेत: रावेरच्या केळीबागेत वादळाची एक रात्र, भुसावळच्या रेल्वे चाळीतलं एक घर, सुरतेला कामाला गेलेला नंदुरबारचा मुलगा. उणीव आहे ती नेटक्या पटकथेची आणि विश्वास टाकणाऱ्या निर्मात्याची. शिवाजी लोटन पाटलांनी पुढचा चित्रपट सबंध अहिराणीत करावा अशी माझी त्यांना जाहीर विनंती आहे. आणि जळगाव-धुळ्याच्या चित्रपटगृहांच्या चालकांनाही एक विनंती: असा चित्रपट येईल तेव्हा त्याला सकाळी साडेनऊचा एकच खेळ देऊ नका. शेतावरून, दुकानावरून माणूस मोकळा होतो तो संध्याकाळी. सहाचा किंवा नऊचा खेळ द्या, आणि निदान दोन शुक्रवार तो काढू नका.