वरचे दूध ही आईची ‘निवड’ आहे का?

दरवर्षी १ ते ७ ऑगस्ट स्तनपान सप्ताह असतो. दवाखान्याच्या भिंतीवर तीच वाक्ये लागतात: आईचे दूध अमृत, सहा महिने बाळाला फक्त अंगावर पाजा. हे शास्त्राला धरूनच आहे, त्याच्याशी आमचे भांडण नाही. पण हे वाक्य फक्त आईलाच का ऐकवले जाते? जळगावच्या डाळ मिलमध्ये रोजंदारीवर काम करणाऱ्या बाईला उपदेश करायचा आणि मिलमालकाला, ठेकेदाराला, पालिकेला एक शब्द विचारायचा नाही, हा कुठला न्याय?

कापूस वेचणीची मजुरी किलोवर मिळते. बाळाला पाजायला बांधावर बसले की तेवढा कापूस कमी, तेवढे पैसे कमी. पाजण्याच्या सुट्टीची किंमत बाई स्वतःच्या मजुरीतून मोजते. चाळीसगावकडून ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्याने मुकादमाकडून उचल घेतलेली असते. बाई बाळंत झाली म्हणून ती माफ होत नाही. मग बाळ एक तर फडात झोळीत, नाही तर गावात आजीजवळ. आजी काय पाजणार? शेळीचे दूध, पाणी घातलेले गाईचे दूध, चहात बुडवलेले बिस्कीट, आणि चार पैसे असतील तर पावडरचा डबा. शहरातली माणसे याला ‘पालकांची निवड’ म्हणतात. निवड करायला दोन वाटा तरी खुल्या लागतात.

आता डब्याचा हिशेब करू. दोन-तीन महिन्यांचे बाळ दिवसाला साधारण ७०० मिलि दूध पिते. १०० मिलिला १३-१४ ग्रॅम पावडर लागते. म्हणजे ४०० ग्रॅमचा डबा चार दिवसांत संपतो, महिन्याला सात डबे. रोजंदारीच्या घरात हे जमत नाही, म्हणून दोन मापांच्या जागी एक माप टाकले जाते. दूध पांढरे दिसते, बाळाचे पोट फुगते, वजन मात्र वाढत नाही. यात आईचा अडाणीपणा शोधू नका, हे बाजारभावाचे साधे गणित आहे.

दुसरा धोका पाण्याचा. अनेक सुशिक्षित घरांतही माहीत नसते की सीलबंद डब्यातली पावडर निर्जंतुक नसते. तिच्यात क्रोनोबॅक्टर किंवा साल्मोनेला हे जंतू असू शकतात. म्हणून जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये सांगितले की पाणी उकळून, ते ७० अंशांच्या खाली जाण्याआधी त्यात पावडर मिसळावी, मग निववून लगेच पाजावे आणि दोन तासांनंतर उरलेले फेकून द्यावे. बाटलीपेक्षा वाटी-चमचा बरा, तो नीट घासता येतो. ज्या आईला आजारपणामुळे, औषधांमुळे किंवा दूध न आल्यामुळे डबा घ्यावा लागतो, तिला हिणवू नका. तिला ही पद्धत सांगा. पण धुळ्यात नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येण्याची ओरड नवी नाही. पिंपात साठवलेले पाणी, मोजका गॅस, आणि प्रत्येक वेळी ताजे उकळायचे? ही जबाबदारी एकट्या आईची कशी?

आपल्या घरातलेही बोलले पाहिजे. चिकाचे दूध ‘खराब’ म्हणून पिळून टाकणे आणि तान्ह्याला मध किंवा गूळपाणी चाटवणे, हे आपल्या वस्त्यांतही चालते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी हे थांबायला हवे. मधातून तान्ह्या बाळाला जीवघेणा बोट्युलिझम होऊ शकतो.

कंपन्यांचे काय? भारतात १९९२ चा कायदा आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला. दोन वर्षांखालील बाळांच्या दूध-पावडरची, बाटल्यांची आणि आहाराची जाहिरात करायची नाही, फुकट नमुने वाटायचे नाहीत, डब्यावर बाळाचे चित्र छापायचे नाही. कायदा चांगला आहे. पण जाहिरातबंदी मोडल्याची शिक्षा पाहा: तीन वर्षांपर्यंत कैद, किंवा ५००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कोट्यवधींची उलाढाल करणाऱ्या कंपनीला ५००० चे काय वाटणार? एप्रिल २०२४ मध्ये ‘पब्लिक आय’ या स्विस संस्थेने दाखवले की नेस्लेच्या भारतातल्या सेरेलॅकमध्ये एका वेळच्या खाण्यात सरासरी जवळपास ३ ग्रॅम वरून घातलेली साखर होती. युरोपात तेच उत्पादन बिनसाखरेचे विकले जात होते. कंपनीने पाच वर्षांत साखर ३० टक्क्यांपर्यंत कमी केल्याचे सांगितले. सेरेलॅक सहा महिन्यांनंतरचा आहार आहे, दुधाचा पर्याय नव्हे, हे खरे. पण गोऱ्या बाळाला एक माप आणि आपल्या बाळाला दुसरे, ही विषमता ओळखायला आपल्याला कुणी शिकवावे लागत नाही.

२८ जुलै १९२८ रोजी मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बाबासाहेब बोलले. बाळंतपणाआधी आणि नंतर आईला विश्रांती मिळणे राष्ट्राच्या हिताचे आहे, त्याचा बराचसा भार सरकारने उचलावा, पण बाईच्या श्रमावर नफा कमावणाऱ्या मालकालाही सुटका नाही, अशी त्यांची मांडणी होती. पुढच्याच वर्षी मुंबई प्रांताचा कायदा झाला. आईचे दूध हा पगारी रजेचा, म्हणजे कामगार हक्काचा प्रश्न आहे, हे बाबासाहेबांनी जवळपास शंभर वर्षांपूर्वी ओळखले होते.

आज काय आहे? २०१७ पासून पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची पगारी रजा. पण त्यासाठी वर्षभरात त्या मालकाकडे ८० दिवस काम केल्याची नोंद लागते. ज्या बाईचे नाव हजेरीपटावरच नाही, तिचे ८० दिवस मोजणार कोण? तिच्या वाट्याला मातृवंदना योजनेचे ५००० रुपये, तेही हप्त्याने. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यात किमान ६००० लिहिलेले असताना! (कंपनीचा कमाल दंड आणि गरीब बाळंतिणीची मदत, दोन्ही ५०००. योगायोग म्हणू या.)

स्तनपान सप्ताहात भाषणे ठेवणाऱ्या आपल्या मंडळांनी यंदा एक काम वेगळे करावे. जळगाव एमआयडीसीतल्या डाळ मिलमध्ये किती महिलांना गेल्या तीन वर्षांत प्रसूती रजेचे पैसे मिळाले आणि पाळणाघराची तपासणी शेवटची कधी झाली, याची माहिती अधिकारात कामगार खात्याकडे मागणी करावी. धुळ्यातल्या मित्रांनी तोच अर्ज तिथे टाकावा. अर्जाची फी १० रुपये आहे.